मनाला योगायोग मान्य नसतो

तू धुळ्याला चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि तुझे प्रश्न तीन आहेत. नजर सुट्या गोष्टींचे गट कसे बांधते ते सांगणारे गेस्टाल्टचे नियम, म्हणजे जवळीक, साम्य, सलगता (गुळगुळीत पुढे जाणारी रेघ एकच धरणं), पूर्तता (अपुरा आकार मनाने पुरा करणं), एकत्र हालचाल, परीक्षेपुरते पाठ होतात. पण ते खरंच मेंदूत असतात, की तयार चित्राला मागाहून लावायची नावं आहेत? असं पाहणं आपण जन्मासोबत घेऊन येतो की शिकतो? आणि बसस्थानकावरच्या वेळापत्रकाचा फलक नव्याने रचायचा प्रकल्प तू घेतला आहेस, त्यात या सगळ्याचा उपयोग काय? मी जळगावात ब्रशने पाट्या रंगवण्यापासून सुरुवात केली, पुढे छपाई, पॅकिंग, फलक हीच कामं केली आणि आता हाच विषय शिकवतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पुस्तकातली यादी एक गोष्ट सांगत नाही. हे नियम एकेकटे कधीच काम करत नाहीत. कुठल्याही दृश्यात ते एकाच वेळी हजर असतात, एकमेकांना ओढत असतात, आणि कुणाची सरशी झाली ते ठरल्यावरच आपल्याला ‘दिसतं’. म्हणून यादी पाठ असणारा विद्यार्थी प्रत्यक्ष कागदावर गोंधळतो.

रावेर-यावलकडची केळीची लागवड घे. रोपं लहान असताना, पानं एकमेकांत जायच्या आधी, ड्रोनने वरून काढलेला फोटो पाहा. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर नजर स्थिर राहत नाही. कधी उभ्या ओळी दिसतात, कधी आडव्या, मध्येच तिरप्याही. लागवड सहा बाय पाचची असेल तर ओळी एकाच दिशेने पळतात, ज्या दिशेला रोपं पाच फुटांवर आहेत त्या दिशेने. फरक फक्त एका फुटाचा. ही नियमांची यादी मांडणारे मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थहायमर यांनी १९२३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात कागदावर ठिपके काढून नेमकं हेच दाखवलं होतं. पुढे १९९८ मध्ये मायकेल कुबोवी आणि सहकाऱ्यांनी ठिपक्यांच्या अशा जाळ्या लोकांना दाखवून मोजमाप केलं, तेव्हा असं निघालं की गटबांधणी अंतरांच्या गुणोत्तरावर ठरते, अंतर किती इंच आहे यावर नाही. जाळी मोठी केली तरी निकाल तोच. हे लक्षात ठेव, फलकाशी येऊ तेव्हा लागेल.

आता त्याच सहा बाय पाचच्या बागेत समज आडवी एक ओळ पिवळी पडली आहे, पुढची हिरवी, त्यापुढची पुन्हा पिवळी. रंगाचं साम्य नजरेला आडवं खेचतं, जवळीक उभं खेचते. पिवळेपणा फिकट असेल तर जवळीक जिंकते, गडद असेल तर साम्य. आणि मग ठिबकची काळी नळी रोपांच्या बुडाशी स्पष्ट दिसू लागली, की वाद बहुतेक मिटतोच. ज्या रोपांना नळी जोडते ती एक ओळ. रंग काहीही असो. जोडलेलं ते एक, ही गोष्ट वेर्थहायमर यांच्या यादीत वेगळी नव्हती. स्टीफन पामर आणि अर्विन रॉक यांनी ती १९९४ मध्ये मांडली, आणि कामाच्या अनुभवावरून सांगतो, माझ्या हाताशी असलेलं सर्वांत जोरदार साधन तेच आहे.

मन असं का करतं? माझं उत्तर एका वाक्यात बसतं: त्याला योगायोग मान्य नसतो. जगात ज्या गोष्टी जवळजवळ असतात, सारख्या रंगाच्या असतात, एकत्र हलतात, त्या बहुतेक वेळा एकाच वस्तूच्या किंवा एकाच कारणाच्या असतात. ओळीत उभी असलेली रोपं आपोआप तशी उगवलेली नसतात. म्हणून मन सगळ्या शक्य अर्थांमधून असा अर्थ निवडतं ज्यात कमीत कमी योगायोग गृहीत धरावे लागतील. आपल्याकडे शिकवताना ‘मन साधा आकार निवडतं’ एवढंच सांगून सोडून देतात. साधा म्हणजे कमी रेघांचा असं मुलं समजतात, आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

इटलीच्या गाएतानो कानिझ्झा यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेला त्रिकोण तुझ्या पुस्तकात असेलच. तीन काळ्या तबकड्या, प्रत्येकीतून एक फाक कापलेली. मध्ये पांढरा त्रिकोण लख्ख दिसतो, त्याच्या कडा दिसतात, तो कागदापेक्षा उजळही वाटतो; कागदावर मात्र त्रिकोण नाही. त्या चित्राचे दोन अर्थ होतात. एक, तीन तबकड्या वेगवेगळ्या कापल्या गेल्या आणि तिन्ही काप एकमेकांच्या अगदी रेषेत आले. दोन, अख्ख्या तबकड्यांवर एक पांढरा त्रिकोण ठेवला आहे. पहिल्या अर्थात योगायोग फार, म्हणून मन दुसरा घेतं आणि नसलेली कडासुद्धा काढून देतं.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. १९८४ मध्ये र्यूडिगर फोन डेर हाइट आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतल्या दृष्टीच्या दुसऱ्या टप्प्यावरच्या पेशी तपासल्या. अशा नसलेल्या कडेलाही त्यातल्या काही पेशी खऱ्या कडेसारखा प्रतिसाद देत होत्या. २००० साली याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली: एकच कड समोर असताना, ती डावीकडच्या आकाराची आहे की उजवीकडच्या, यानुसार पेशींचा प्रतिसाद कमीजास्त होतो. म्हणजे कड कुणाच्या मालकीची हा हिशेब दृष्टीच्या बऱ्याच सुरुवातीच्या टप्प्यावर चालू झालेला असतो. ही नावं आपण दिलेली आहेत, यादी कुठे तोडायची हेही आपण ठरवलेलं आहे. पण त्यामागचं काम मेंदू करतो आणि आपल्याला न विचारता करतो.

कड कुणाची, हा प्रश्न डेन्मार्कच्या एडगर रुबिन यांनी १९१५ च्या प्रबंधात फुलदाणी आणि दोन चेहऱ्यांच्या चित्रातून मांडला. फुलदाणी दिसते तेव्हा चेहरे मागची मोकळी जागा होतात, चेहरे दिसले की फुलदाणी विरते. दोन्ही एकदम पक्के दिसत नाहीत. हे चित्र सगळे दाखवतात. पण आपल्या भागातल्या मुलांना मी त्यासाठी अजिंठ्याला नेतो. जळगावहून साठेक किलोमीटरवर, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या क्रमांक एकच्या लेण्यात, एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलेली आहेत. चार धडं, डोकं एकच.

ते शिल्प घाईत पाहू नकोस. गाइड बॅटरीचा झोत टाकतो, ‘देखो, चार हिरन, एक मुंडी’ म्हणतो आणि लोक पुढे जातात. तू थांब. एका धडावर नजर ठेव आणि पाठीच्या रेषेवरून मानेपर्यंत जा. मान डोक्यात इतकी सहज मिसळते की ते हरीण पुरतं दिसतं, डोकं त्याचंच वाटतं. आता दुसरं धड धर. डोकं त्याचं होतं. दगड हललेला नाही, एक टवकाही नाही, तरी मालकी बदलली. मानेची रेघ डोक्याच्या रेघेत अशी गुळगुळीत जाणं सहसा योगायोगाने होत नाही, म्हणून मन प्रत्येक वेळी ‘हे एकच जनावर’ असा कौल देतं. शिल्पकाराने तो योगायोग चारही बाजूंनी हाताने घडवला आहे. चारांपैकी एकाचीही मान थोडी जास्त वाकली असती, तिथे खाच पडली असती, तर ते एक हरीण बिनडोक्याचं दिसलं असतं आणि सगळी रचना कोसळली असती. सलगता, पूर्तता, आकृती आणि पार्श्वभूमी, तिन्ही प्रकरणं त्या एका खांबावर आहेत, आणि तीही रुबिन यांच्या चौदाशे वर्षं आधी. मला त्या अनाम हातांबद्दल फार आदर वाटतो. त्यांनी सिद्धांत लिहिला नाही, पण पाहणाऱ्याचं मन कुठे वळेल ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हालचालीबद्दल थोडक्यात. गणेशोत्सवात मंडळाच्या कमानीवर रोषणाई धावते तेव्हा एकही दिवा जागचा हलत नाही. शेजारशेजारचे दिवे क्रमाने लागतात आणि विझतात. वेर्थहायमर यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फ्रँकफुर्टच्या प्रयोगांत दोन रेघा आळीपाळीने दाखवल्या. मध्ये सेकंदाचा पाचवा भाग जाऊ दिला तर एकीनंतर दुसरी आली असं दिसलं, हजारातले तीसच भाग जाऊ दिले तर दोन्ही एकदम दिसल्या, आणि साठच्या आसपास एकच रेघ सरकताना दिसली. पाहणाऱ्यांमध्ये वोल्फगांग क्योलर आणि कुर्ट कोफ्का होते; पुढे या तिघांनीच गेस्टाल्टचा विचार उभा केला. त्याही आधी, १८९० मध्ये, क्रिस्टियान फोन एरेनफेल्स यांनी गाण्याच्या चालीचं उदाहरण दिलं होतं. श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी म्हणताना एक बाई उंच पट्टीत सुरू करते, दुसरी खाली. सगळे सूर बदलतात, तरी चाल तीच राहते. भाग बदलून आकार टिकतो, हे कानानेही तपासता येतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्याबद्दलची काही कामं आपल्याच देशात झाली आहेत. फिलिप केलमन आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी १९८३ मध्ये चार महिन्यांच्या बाळांसमोर एक काठी ठेवली, मधला भाग ठोकळ्यामागे झाकलेला. काठीची दोन्ही टोकं एकत्र हलली तर बाळं ती एकच काठी आहे असं धरून चालत. काठी स्थिर असेल तर नाही. म्हणजे ‘एकत्र हलतं ते एक’ हे फार लवकर येतं. स्थिर चित्रातल्या सलगतेचं तसं नाही.

मग मेंदू आणि दृष्टीचे अभ्यासक पवन सिन्हा यांचा प्रकल्प प्रकाश. जन्मापासून मोतीबिंदूमुळे दृष्टी नसलेल्या मुलांवर भारतात शस्त्रक्रिया करायच्या, आणि त्यांचं पाहणं कसं घडत जातं तेही समजून घ्यायचं, असं दुहेरी काम. २००९ मध्ये त्यांच्या गटाने उशिरा दृष्टी मिळालेल्या तीन जणांबद्दल लिहिलं. सर्वांत लहान सात वर्षांचा, सर्वांत मोठा एकोणतीसचा. एकमेकांवर आलेले दोन आकार दाखवले की ते दोन म्हणत नसत. छेदामुळे झालेला प्रत्येक तुकडा त्यांना वेगळी वस्तू वाटे. फोटोत सावली, रंगाचा पट्टा, वस्तू, सगळं सुटंसुटं. पण तोच आकार हलवला की तो लगेच एकसंध होई. पुढच्या काही महिन्यांत स्थिर चित्रंही त्यांना जुळवता येऊ लागली. याचा अर्थ मी असा घेतो: हालचाल आधी शिकवते आणि तिच्या आधाराने मन बाकीचे संकेत भरवशाचे ठरवतं. सातपुड्यात वाळक्या पाल्यावर बसलेला रातवा पक्षी तुला पायाशी असूनही दिसत नाही आणि उडाला की क्षणात दिसतो, तेव्हा तूही त्याच सर्वांत जुन्या संकेतावर विसंबलेली असतेस.

शिकलेला भाग मात्र मोठा आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या लिपीत सापडतो. मोडीत लिहिणारा आधी पानभर आडवी शिरोरेषा ओढायचा आणि तिला अक्षरं टांगत जायचा. शब्दांमध्ये अंतर नाही, शिरोरेषा तुटत नाही. जवळीक आणि जोडणी दोन्ही सांगतात की अख्खी ओळ म्हणजे एक शब्द. तरी सरावलेला कारकून झरझर वाचायचा, कारण सरावाने तयार झालेले शब्दांचे आकार त्या दोघांवर मात करायचे. वेर्थहायमर यांनीही सराव हा घटक यादीत धरला होता, पण त्याला पुढची जागा दिली नाही. मला वाटतं वाचनाच्या बाबतीत तो बराच पुढे आहे. बाळबोधमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, उलट आहे: शिरोरेषा शब्दापुरतीच, त्यामुळे शब्द एक जोडलेली वस्तू होतो. नवापूरकडे गुजराती पाट्या दिसतात, त्या लिपीला शिरोरेषा नाही. तिथे शब्द फक्त जवळिकीवर उभा असतो आणि म्हणून अक्षरांमधलं अंतर जास्त जपावं लागतं.

चाळीसगावच्या केकी मूस (१९१२ ते १९८९) यांची टेबलटॉप छायाचित्रं संधी मिळेल तेव्हा नक्की बघ. टेबलावर किरकोळ वस्तू मांडून ते दूरवरचा निसर्ग उभा करायचे. हे शक्य होतं कारण कॅमेऱ्याचा डोळा एकच आणि जागचा न हलणारा. आपण त्या टेबलाभोवती एक पाऊल टाकलं असतं तर वस्तू वेगवेगळ्या वेगाने सरकल्या असत्या आणि खेळ उघडा पडला असता. एकाच जागेवरून पाहताना सगळं जे जुळून येतं, त्याला मन योगायोग मानत नाही. ते त्याचा डोंगर करतं, रस्ता करतं. आकाशातही तसंच. सप्तर्षींचे सात तारे आपल्याला एक आकृती वाटतात, गावाकडे कुणी त्यात बाज बघतं, कुणी पतंग. त्यातले मधले पाच खरोखर एकत्र प्रवास करतात, सुमारे ऐंशी प्रकाशवर्षांवर. क्रतू आणि मरीची हे टोकांचे दोन त्यांच्यातले नाहीत, ते आणखी मागे आहेत. नजरेला हे कळायला काही मार्ग नाही.

आता तुझा फलक. तू पाठवलेल्या फोटोत डावीकडे गावांची नावं आहेत, अगदी उजवीकडे वेळा, मध्ये हातभर मोकळी जागा, आणि ओळी मात्र एकमेकींना खेटून. गुणोत्तर आठव. प्रत्येक नाव आपल्या वेळेपेक्षा वरच्या-खालच्या नावाला कितीतरी जवळ आहे, म्हणून नजरेला दिसतात दोन उभे खांब: एक गावांचा, एक वेळांचा. प्रवाशाला हवी असते आडवी ओळ. फलक मोठा करून उपयोग नाही, गुणोत्तर तेच राहील. अक्षर मोठं केलं तरी तेच. वेळ आधी लिही, लगेच शेजारी गाव, आणि ओळींमधलं अंतर या शेजारच्या अंतरापेक्षा स्पष्ट जास्त ठेव. एवढ्याने अर्धं काम होईल.

जागा नसेल तर ओळीआड फिकट पट्टा दे. एकाच पट्ट्यात जे आहे ते एक, हे पामर यांनी १९९२ मध्ये दाखवलं, आणि पट्टा जवळिकीवर मात करतो. पण सध्याच्या फलकावरच्या काळ्या जाड चौकटी काढून टाक. त्या इतक्या गडद आहेत की जाळी आकृती झाली आहे आणि अक्षरं पार्श्वभूमीला गेली आहेत.

ओळींच्या अंतराबाबत देवनागरीची स्वतःची अडचण आहे, ती इंग्रजी उदाहरणांच्या पुस्तकात सापडणार नाही. ‘नंदुरबार’ खाली उकार सोडतं आणि त्याच्याखालच्या ‘एरंडोल’च्या डोक्यावर अनुस्वार आणि मात्रा आहे. ओळी जवळ असतील तर वरचा उकार आणि खालचा अनुस्वार एकमेकांना चिकटतात आणि मन त्यांचा तिसराच काहीतरी गट करतं. म्हणून ओळ मोजताना अक्षराची उंची धरू नकोस, मात्रेच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत धर आणि त्यावर मोकळी जागा सोड. आणि कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द पसरवण्यासाठी अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस; बऱ्याच फॉन्टमध्ये शिरोरेषा तुटते आणि ‘शिरपूर’ची चार सुटी अक्षरं होतात.

गाड्या वेळेच्या क्रमाने एकाखाली एक लावण्यापेक्षा आधी मार्गांचे गट कर: शिरपूर-चोपडा एक, साक्री-नवापूर एक, अमळनेर-जळगाव एक. गटांमध्ये दीड-दोन ओळींची जागा सोड. रंग एकाच कामाला वापर. फक्त रात्रीच्या गाड्या लाल केल्यास तर त्या फलकभर विखुरलेल्या असूनही एकदम उचलून दिसतील. तीन रंग तीन कामांना वापरलेस तर एकही दिसणार नाही.

छापण्याआधी फलकाची प्रत काळ्या-पांढऱ्यात काढ, भिंतीवर लाव आणि अक्षरं वाचता येणार नाहीत इतक्या लांबून, डोळे बारीक करून पाहा. त्या धूसर ठोकळ्यांत मार्गांचे गट आणि आडव्या ओळी वेगळ्या दिसायला हव्यात. मग प्रत स्थानकावर घेऊन जा. चष्मा घरी विसरलेल्या एखाद्या आजींना, आणि नुकतंच वाचायला लागलेल्या एखाद्या पोराला, साक्रीची दुपारनंतरची पहिली गाडी शोधायला सांग. त्यांचं बोट कुठून सुरू होतं, कुठे थांबतं आणि कुठल्या ओळीवर घसरतं, ते तिथल्या तिथे प्रतीवर पेन्सिलीने खुणावून ठेव. ती खुणांची प्रत मला पाठव, पुढची दुरुस्ती आपण तिच्यावरच करू.